तापलेली तार आणि सोळा तालुके



तिसरीच्या वर्गात खिडकीजवळ आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा पांढरा जाड नकाशा ठेवला आहे. तो तुम्ही पाहिला असेल. त्याचे सोळा तालुके म्हणजे सोळा तुकडे आहेत. ते काढता येतात आणि परत बसवता येतात. पुष्कळ जण विचारतात, "कायनं कापला रे? करवतीनं?" म्हणून हा लेख लिहिला आहे. नकाशा करवतीने कापलेला नाही. ब्लेडनेही नाही. तो तापलेल्या तारेने कापला आहे, आणि त्या तारेचे यंत्र आम्ही चौथीच्या मुलांनी गुरुजींच्या मदतीने शाळेतच केले.

आधी हा नकाशा काहून करावा लागला ते सांगतो. माझी लहान बहीण तिसरीत आहे. तिला फार कमी दिसते. कागदावरचा नकाशा म्हणजे तिला नुसता रंगीत डाग दिसतो. तिसरीत आपल्या जिल्ह्याचा अभ्यास असतो. बाकीची पोरे नकाशावर बोट ठेवून हे पुसद, हे वणी असे म्हणायची, तेव्हा ती गप्प बसायची. एक दिवस घरी तिने मला विचारले, "भाऊ, आपला बाभूळगाव कोन्या बाजूले हाय?" मी म्हणालो, वर. ती म्हणाली, "वर म्हंजे कुठं?" मला सांगता येईना. मी तिचा हात धरून हवेत वर नेला. तेव्हा तिला हसू आले, पण तिला काही समजले नाही हे मला समजले.

मी गुरुजींना हे सांगितले. गुरुजी म्हणाले, बोटांना लागेल असा जाड नकाशा करू. पुठ्ठा पातळ पडतो. लाकूड कापायला कठीण. थर्माकोल जाड असतो, हलका असतो, तोच बरा. मी म्हणालो, बाभूळगावच्या दुकानातून आणतो. गुरुजी म्हणाले, विकत आणायचा नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने थर्माकोलची ताटे, वाट्या आणि सजावटीचे सामान यांच्यावर बंदी घातली, कारण थर्माकोल मातीत कुजत नाही, नालीत जाऊन अडकतो. पण शाळेत नवा टीव्ही आला त्याच्या खोक्यात थर्माकोलचे दोन मोठे सपाट तुकडे होते. ते फेकलेच जाणार होते. तेच आम्ही घेतले.

पहिल्यांदा ब्लेडनेच कापून पाहिले. ते असे झाले की विचारू नका. थर्माकोल हा एकसारखा पदार्थ नसतो. त्यात साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटलेले असतात. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे बारीक कण वाफेने फुगवतात, जशी ज्वारीची लाही फुगते तसे, आणि साच्यात दाबून त्याचा ठोकळा करतात. थर्माकोल हे नाव मुळात एका कंपनीने आपल्या मालाला दिलेले होते, तेच सगळ्यांच्या तोंडी बसले. या ठोकळ्यात शंभर भागांपैकी अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते. म्हणून तो इतका हलका. ब्लेड चालवली की ती दाणा कापत नाही, दाण्याला ढकलते. दाणा निघून येतो, मग त्याच्या शेजारचा निघतो. सरळ रेघेच्या जागी उंदराने कुरतडल्यासारखी कड होते.

आपला बाभूळगाव तालुका लहान आहे. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापता कापता मधला भागच भुगा होऊन गेला. सोळा तालुक्यांपैकी पंधराच उरले आणि नेमका आपलाच नाहीसा झाला! आमच्या वर्गातल्या एका मुलाचे बोटही कापले. दाणे हाताला चिकटतात, केसाला चिकटतात, झटकले तर दुसऱ्या हाताला चिकटतात. मी उरलेले काम घरी नेले तर आई ओरडली, "हे साबुदाने कोनं सांडले रे घरभर?" वाऱ्याने दाणे गोठ्यात गेले आणि शेळी ते चाटायला लागली. मग बाबांनी सगळा थर्माकोल पोत्यात भरून परत शाळेत पोचवला.

तेव्हा गुरुजींनी तापलेल्या तारेची गोष्ट सांगितली. शहरात गणपतीचे मखर करणारे कारागीर थर्माकोल तारेने कापत असत. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे पाणी उकळते तेवढ्या उष्णतेला, मऊ पडायला लागते. तार त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त तापलेली असली की ती दाण्याला टेकायच्या आधीच समोरचा थर्माकोल वितळून मागे सरतो. तार ढकलत नाही, नुसती वाट काढत जाते. म्हणून कड काचेसारखी गुळगुळीत होते आणि एकही दाणा सुटत नाही.

आता तार कोणती घ्यावी? आम्हाला वाटले कोणतीही चालेल. वायरमधली तांब्याची तार सेलला लावली, तर तार जेमतेम कोमट झाली आणि सेलच गरम झाले. गुरुजींनी घाईने काढायला लावली. त्यांनी पोळ्याचे उदाहरण दिले. पोळ्याच्या दिवशी रुंद रस्त्याने बैल मजेत जातात. पण तोरणाखाली जागा अरुंद असते, तिथे धक्काबुक्की होते, माणसे घामाघूम होतात. वीज तांब्यातून रुंद रस्त्यासारखी निघून जाते, म्हणून तांबे तापत नाही. नायक्रोमच्या तारेत तिला अरुंद वाट मिळते, धक्काबुक्की होते आणि तार तापते. सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच लांबीच्या तारा घेतल्या तर नायक्रोम विजेला तांब्याच्या साठपटीहून जास्त अडवते. नायक्रोम हा निकेल आणि क्रोमियम या धातूंचा मिश्रधातू आहे. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना त्याचे पेटंट १९०६ साली मिळाले. तापून लाल झाली तरी ही तार लवकर गंजत नाही, जळत नाही, म्हणून इस्त्रीत, हीटरमध्ये आणि विजेच्या शेगडीत हीच असते.

आमच्याकडे बंद पडलेली शेगडी होती. तिच्यातली जुनी कॉइल ओढली तर ती कट्‌कन तुटली. वापरून वापरून ती ठिसूळ होते. मग गुरुजींनी शेगडीची नवीन कॉइल आणली, १००० वॅटची.

पहिले यंत्र आम्ही गुलेलीसारखे केले. कडुलिंबाची दोन फाट्यांची फांदी घेतली. फाट्यांच्या टोकांना १२ सेंटीमीटर सरळ तार पक्कडीने ताणून बांधली. दोन मोठे सेल एकापुढे एक लावून त्यांची वायर तारेच्या दोन टोकांना जोडली. एक सेल लावला तर तार नुसती कोमट झाली. दोन लावले तर थर्माकोलमध्ये सर्रकन शिरली! सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जो तो म्हणे, "मले दे, मले दे."

पण थोडे कापले आणि तीन अडचणी आल्या. त्या मी नीट सांगतो, कारण यंत्र कसे सुधारले ते त्यातच आहे.

पहिली अडचण, तार ढिली पडायची. थंड असताना ती सतारीसारखी ताणलेली असे आणि तापली की मधोमध लोंबे. मी पट्टीने मोजले, मधला झोल ४ मिलिमीटर भरला. गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवले. इतकी तापल्यावर १२ सेंटीमीटर तार अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. मग झोल ४ मिलिमीटर कसा? हे मला खरे वाटेना. मी सुतळी दोन खिळ्यांना ताणून बांधली आणि मग अगदी किंचित ढिली केली. खरेच, टोकाला किंचित सोडले तरी मध्ये पुष्कळ लोंबते. तुम्हीही करून पाहा. आमच्या आबाजींना हे सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. ते म्हणाले, "बंडीच्या चाकाची धाव लोहार तापवूनच तं बसवते. लोखंड तापलं का वाढते, थंडं झालं का आवळते." धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. म्हणजे जे लोहाराच्या कामाचे तेच आमच्या नुकसानीचे.

दुसरी अडचण, सेल फार लवकर उतरले. अर्ध्या तासात तार थर्माकोलमध्ये अडकून राहायला लागली.

तिसरी अडचण आम्हाला कोणालाच कळली नव्हती. ती माझ्या बहिणीने काढली. आम्ही दोन तालुके कापून तिच्या हातात दिले. तिने ते चाचपले, उलटे केले, परत चाचपले आणि म्हणाली, "हा तुकडा वरतून वेगळा अन्‌ खालतून वेगळा हाय." आम्ही पाहिले तर खरेच! गुलेल हातात धरून कापताना हात तिरपा होतो, तार तिरपी जाते, मग वरची कड रेघेवर आणि खालची कड भलतीकडे. आम्ही डोळ्यांनी फक्त वरून पाहत होतो. असे तुकडे एकमेकांत बसत नाहीत.

गुरुजी म्हणाले, तार फिरवू नका, तार उभी ठेवा आणि थर्माकोल फिरवा. यावरून दुसरे यंत्र झाले.

मोडक्या बाकाची फळी दोन विटांच्या थरांवर ठेवली, म्हणजे खाली जागा राहिली. फळीच्या मधोमध भोक पाडले. भोकाभोवती पत्र्याचा तुकडा ठोकला, नाहीतर लाकूड जळते. फळीच्या मागच्या कडेला लाकडाचा खांब उभा केला आणि त्यावर पुढे आलेला आडवा हात ठोकला, इंग्रजी एल उलटा करावा तसा. आडवा हात भोकाच्या बरोबर वर आला पाहिजे. खांबापासून भोक ४० सेंटीमीटर दूर ठेवले, कारण कापताना नकाशाचा एक भाग खांबाच्या बाजूला जातो, त्याला जागा लागते. आडव्या हातावर शेगडीची जुनी चिनी मातीची पाटी बसवली. तिच्या खाचांमध्ये नवी कॉइल तशीच ठेवली. कॉइलचे फक्त एक टोक ओढून १८ सेंटीमीटर सरळ केले आणि ते वरून खाली भोकातून सोडले. टोकाला बंडीचा एक जुना जड नट बांधून लोंबकळत ठेवला.

हा नट म्हणजे या यंत्रातली सगळ्यात छान गोष्ट, असे मला वाटते. तार तापली आणि वाढली की नट तेवढाच खाली उतरतो. थंड झाली की वर येतो. तार नेहमी ताठ. शिवाय गवंड्याच्या ओळंब्यासारखी ती आपोआप सरळ उभी राहते, म्हणून कड तिरपी होत नाही. दोन अडचणी एका नटाने गेल्या.

राहिली सेलची अडचण. आमच्या घरी फवारणीचा चार्जिंगचा पंप आहे. त्याच्या खाली बॅटरी असते. तिच्यावर १२ व्होल्ट, ८ एएच असे लिहिले आहे. बाबांना मागितली तेव्हा कपाशीची फवारणी संपली होती, म्हणून त्यांनी दिली. पण पंपाला हात लावू दिला नाही. बॅटरी स्वतः काढली, ओल्या फडक्याने पुसली, हात साबणाने धुतले, मग दिली. पंपाला औषध लागलेले असते आणि ते औषध म्हणजे विष.

आता १२ व्होल्टला तार किती लांब ठेवावी? इथे मी एक गणित केले. दोन सेलचे ३ व्होल्ट, तेव्हा १२ सेंटीमीटर. बॅटरीचे १२ व्होल्ट म्हणजे चौपट. म्हणून तारही चौपट, ४८ सेंटीमीटर. गुरुजी म्हणाले, गणित बरोबर आहे, पण लगेच लावू नकोस. नेहमी लांबीपासून सुरुवात करायची आणि हळूहळू आखूड करायची, उलट कधीच नाही. बॅटरीची एक वायर खालच्या नटाला जोडली. दुसऱ्या वायरला दातेरी चिमटा लावला आणि तो कॉइलच्या अगदी शेवटच्या टोकाला पकडला. पूर्ण कॉइल पाच मीटरहून लांब आहे. तार थंडच राहिली. वायर सोडायची, चिमटा थोडा अलीकडे घ्यायचा, परत वायर जोडून थर्माकोलचा तुकडा लावून पाहायचा. असे पुष्कळदा केले. शेवटी तार लोण्यातून सुरी जावी तशी जायला लागली. मग गुरुजींनी सुतळी वेढ्यांवरून फिरवून लांबी मोजली. ती ६० सेंटीमीटर निघाली, ४८ नाही.

माझे गणित चुकले म्हणून मला वाईट वाटले. पण गुरुजी म्हणाले, गणित चुकले नाही, सेल खोटे बोलले. सेलवर दीड व्होल्ट लिहिलेले असते, पण त्याच्यावर इतका भार टाकला की तो दमतो आणि पूर्ण दीड व्होल्ट देत नाही. म्हणून तिथे तार आखूड लागली. पंपाची बॅटरी दमत नाही. ६० सेंटीमीटर तारेतून सुमारे २ अँपिअर वीज जाते. आठला दोनने भागले की चार, म्हणजे बॅटरी चार तास चालेल असे मी काढले. आम्ही दोन दिवस मिळून तीन तास कापले आणि ती उतरली नाही. हे गणित तरी माझे बरोबर आले.

चिमट्याने एकदा फजिती केली. तो नीट पकडलेला नव्हता, घसरून सरळ तारेजवळ आला. वाट एकदम आखूड झाली, तार लालभडक झाली आणि डोळ्यांदेखत तुटली. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४१ च्या सुमारास हा नियम शोधून मांडला होता. त्याच तारेतून वीज दुप्पट गेली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. वीज तिप्पट तर उष्णता नऊपट. आम्ही तो नियम तार तोडून शिकलो. तेव्हापासून चिमट्यावर सुतळी बांधतो आणि पाटीजवळ कोणाला हात नेऊ देत नाही, कारण कॉइलचा उरलेला भागही तापलेला असतो आणि तो काळाच दिसतो. लाल नाही म्हणजे गरम नाही असे समजू नये. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "बोर्डातच लाव ना लेका, बॅटरी काहून जाळतं?" गुरुजी इतके रागावलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतले आणि इथेही लिहायला सांगितले आहे: ही उघडी तार घरातल्या विजेच्या बोर्डाला कधीही लावू नये. बोर्डात २३० व्होल्ट असतात. उघड्या तारेला हात लागला तर माणूस मरतो. सेल आणि बॅटरी सोडून दुसरे काही वापरायचे नाही. बॅटरीचीही दोन टोके तारेशिवाय एकमेकांना टेकवायची नाहीत, भडका होतो. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय वायर जोडायची नाही. ज्याला हे जमत नसेल त्याने यंत्र करू नये, आमच्या शाळेत येऊन पाहावे.

आता वासाची गोष्ट. पहिल्या दिवशी बाहेर वारा होता, थर्माकोल उडत होता, म्हणून आम्ही खोलीत दार लावून कापत बसलो. गोडसर, कडवट असा वास येत होता. आम्हाला वाटले काय होते त्याने. संध्याकाळी माझे डोके दुखायला लागले आणि डोळे चुरचुरले. मी घरी सांगितले तर बाबा जेवता जेवता थांबले. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मी तेव्हा लहान होतो, मला आठवत नाही, पण बाबांना सगळे आठवते. ते म्हणाले, "वास आला का समजाचं, तो आपल्या अंगात जाऊन रायला." दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. मला वाटले आता यंत्र बंद. पण त्यांनी गुरुजींशी बोलून फळी उचलली आणि व्हरांड्यात नेली. खाली मूठभर माती सोडून वारा कोणीकडे जातो ते पाहिले आणि कापणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे येईल अशी फळी फिरवून ठेवली. फवारणीलाही असेच करतात, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहत नाहीत. गुरुजी म्हणाले, थर्माकोल तापला की स्टायरीनची वाफ निघते, ती नाका-डोळ्यांना चांगली नाही. तार जितकी जास्त तापेल तितका धूर जास्त. धूर दिसला म्हणजे तार गरजेपेक्षा जास्त तापली आहे, चिमटा थोडा लांब घ्यावा. बहिणीला आम्ही कापताना जवळ बसू दिले नाही. ती रागावून बसली होती.

कापायची रीत सांगतो. आधी थर्माकोलचे दोन्ही तुकडे फेव्हिकॉलने कडेला कड जोडून रात्रभर वजनाखाली ठेवले. मग जिल्ह्याचा मोठा नकाशा कार्बन पेपरने त्यावर उतरवला. तार मधून घुसवता येत नाही, कडेवरूनच आत शिरते, म्हणून कोणती रेघ आधी कापायची याचा विचार करावा लागतो. आम्ही आधी बाहेरची हद्द कापली. मग डावीकडून खालचा पुसद, उमरखेड आणि महागाव यांचा मिळून एक मोठा तुकडा वेगळा केला. उजवीकडून वणी, मारेगाव आणि झरी जामणी यांचा दुसरा. मग उरलेल्यातून दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी आणि केळापूर सोडवत गेलो. केळापूर तालुक्याचे गाव पांढरकवडा. सगळ्यात शेवटी मधला यवतमाळ तालुका आपोआप उरला. तो आम्हाला कापावाच लागला नाही!

हात सारख्या वेगाने चालला पाहिजे. मी एक सेंटीमीटरला मनात तीन अंक मोजतो. घाई केली तर तार थर्माकोलला घासून मागे वाकते आणि कोपरा गोल होतो. थांबलो तर तिथे भोक मोठे होते. नदीची हद्द वाकडीतिकडी असते, तिथे तीन अंकाच्या जागी पाच मोजावे. शिंक आली तर थर्माकोल मागे ओढून घ्यावा, तारेला हात लावू नये. कापल्यावर दीड-दोन मिलिमीटरची फट राहते. ती चांगलीच, नाहीतर तुकडे इतके घट्ट बसतील की निघायचेच नाहीत. बाभूळगाव तालुका मीच कापला. या वेळी तो पूर्ण निघाला, एक दाणाही सांडला नाही.

रंगाच्या वेळी अजून एक फजिती झाली. बेंबळा धरणाचे पाणी निळे चकचकीत दिसावे म्हणून एका मुलीने घरून निळी नखपॉलिश आणली. लावली तर थर्माकोल चुर्र होऊन खड्डाच पडला. नखपॉलिशमधल्या पातळ द्रावणात थर्माकोल विरघळतो. पंक्चरच्या सोल्यूशननेही तसेच होते. पाण्यात कालवायचा रंग चालतो. पण तो खड्डा तसाच राहू दिला, कारण बहीण म्हणाली, "हा खड्डा म्हंजे धरण ना? राहू द्या, बोटाले बरोब्बर लागते." मग आम्ही खड्ड्याला फक्त निळा रंग दिला. वर्धा नदीसाठी आणि पैनगंगेसाठी सुतळी चिकटवली. वर्धा नदी जिल्ह्याच्या वरच्या आणि उजव्या कडेने येते, पैनगंगा खालच्या कडेने. उरलेले बारीक तुकडे पोत्यात भरून कपाटावर ठेवले आहेत. ते जाळायचे नाहीत, काळा धूर होतो. त्यांच्यातून टेकड्या करायच्या आहेत.

नकाशा झाल्यावर बहिणीला दिला. तिने पहिल्या दिवशी नऊ तालुके बसवले. चार दिवसांनी सोळा. आता ती तुकडा हातात घेतल्याबरोबर नाव सांगते. वणी आणि मारेगाव यांत मी चुकतो, ती चुकत नाही. तिसरीची पोरे डोळे मिटून तिच्याशी पैज लावतात आणि हरतात. परवा तिनेच माझा हात धरला, बोट उमरखेडवर ठेवले, तिथून महागाव, आर्णी, यवतमाळ असे सरकवत वर आणले आणि म्हणाली, "हे आपलं बाभूळगाव. वर म्हंजे इथं."

पालकांनी डोळे मिटून बसवून पाहावे. झरी जामणीचा तुकडा थोडा घट्ट आहे, तिथे माझे मोजणे चुकले होते. तो ओढून काढू नये, खालून बोटाने ढकलावा. यंत्र गुरुजींच्या कपाटात आहे. बॅटरी बाबांनी परत नेली, पुढच्या वेळी लागली तर ते देणार आहेत.

– इयत्ता ४ थी